भांडण धुळ्यातच उरकून घे

काल फोनवर तू पहिल्या दिवसाचा कार्यक्रम वाचून दाखवलास आणि मी नुसतं "हं, हं" करत राहिले. तुला वाटलं असेल, ताईचं लक्ष नाही. लक्ष होतं गं. पण तुझे यजमान, म्हणजे आमचे पाहुणे, तुझ्या शेजारीच बसलेले, आतून सासूबाईंचा आवाज येतोय, आणि मला जे सांगायचं होतं ते सगळ्यांच्या कानावर पडण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहून पाठवतेय. दुपारी घरातले सगळे आडवे झाले की चहाचा कप घे आणि एकटीच वाच.

सकाळी पावणेआठला हीथ्रोला उतरायचं, अकराला राजवाड्यासमोर पहारा बदलताना बघायचा, मग घड्याळाचा मनोरा, मग नदीतली बोट, तीन वाजता तो मोठा पाळणा, आणि जमलं तर संध्याकाळी म्युझियम. यादी झकास आहे. फक्त ती रात्रभर आपल्या गादीवर झोपून उठलेल्या माणसांची आहे. तुम्ही त्या दिवशी तसे नसणार.

जरा बोटं मोज माझ्याबरोबर. तुमची गाडी धुळ्याहून दुपारी बाराला निघणार. मालेगाव, चांदवड, नाशिक, कसारा घाट, मध्ये दोन चहा आणि एका पोराची उलटी धरली तर मुंबईच्या विमानतळावर रात्रीचे आठ. विमान अडीचचं. पावणेदहा तासांचा प्रवास. तिथल्या घड्याळात पावणेआठ वाजलेले असतील, पण उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं, म्हणजे आपल्याकडे सव्वाबारा. विमानाचं दार उघडेल तेव्हा घराला कुलूप लावून चोवीस तास होऊन गेलेले असतील. पुढे पासपोर्टची रांग, बॅगांचा पट्टा, गाडी. हॉटेलात पोचाल साडेदहाला, आणि खोली मिळेल दुपारी दोन-तीनला, कारण बहुतेक ठिकाणी तीच वेळ असते. तू ज्या तीन वाजता पाळण्यात बसायचं म्हणतेस, तेव्हा पोरांच्या अंगात संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतील, तेही दुसऱ्या दिवसाचे.

हे शहाणपण मला आधी नव्हतं. दोन वर्षांपूर्वी आम्ही जळगावहून गेलो तेव्हा तुझ्या जिजाजींनी पहिल्याच दिवसाची तीनची तिकिटं काढून ठेवली होती. वेळ ठरलेली, पैसे परत न मिळणारे. थोरला रांगेत कठड्याला टेकून उभ्याउभ्या झोपला. धाकटी "घरी चल" म्हणून रडायला लागली, आणि घरी म्हणजे जळगावला. सासूबाईंचे पाय एवढे सुजले की चपलेत जाईनात. जिजाजी म्हणाले, "एवढे पैसे भरलेत, आता डोळे तरी उघडे ठेवा." मग मी जे तोंड सोडलं, ते थेम्सच्या पुलावर उभं राहून, आपल्या सुभाष चौकातल्या आवाजात. गोरी माणसं वळून बघत होती. त्या दिवसाचा एकच फोटो आहे. पाच जणांचे पाच चेहरे, सगळे आधार कार्डावरच्यासारखे. लंडनचे बाकीचे फोटो भिंतीवर लागले, तो मोबाइलमध्येच राहिला.

दुसऱ्या दिवशी तिथे राहणारी आमची चुलत नणंद भेटायला आली आणि सगळं ऐकून हसली. म्हणाली, "वहिनी, पहिला दिवस बघायचा नसतोच, तो फक्त पार पाडायचा असतो." पुढच्या वर्षी थोरल्या दिरांचं कुटुंब गेलं तेव्हा तिने सांगितलेलं सगळं मी त्यांना कागदावर लिहून दिलं. ते पहिल्या रात्री हसत झोपले. तोच कागद आता तुला देतेय.

मूळ गोष्ट अशी की आपल्या शरीरात एक घड्याळ आहे आणि त्याला किल्ली मिळते ती उजेडाने. साधारण एक तासाचा फरक भरून काढायला त्याला एक दिवस लागतो. साडेचार तास म्हणजे चार-पाच दिवस धरून चाल. त्यातल्या त्यात बरं हे की तुम्ही पश्चिमेला चालला आहात. पश्चिमेला गेलं की दिवस लांबतो, आणि उशिरापर्यंत जागणं कुणालाही लवकर झोपण्यापेक्षा सोपं जातं. कानबाईच्या जागरणाला तुमच्याकडची पोरं पहाटेपर्यंत टक्क डोळ्यांनी बसतात ना? तसंच. खरा त्रास होईल तो परत आल्यावर, तेव्हा पाहुण्यांनी उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी दुकान उघडायचा हट्ट धरू नये, एवढं आत्ताच कानावर घालून ठेव.

म्हणून पहिल्या दिवसाचे नियम तीनच. दिवसभर जमेल तेवढं उघड्यावर, उजेडात राहायचं. खोली मिळाल्यावर झोप आलीच तर अर्ध्या तासाचा गजर लावून डुलकी घ्यायची, पांघरूण ओढून नाही, सोफ्यावर. आणि काही झालं तरी तिथल्या आठ-साडेआठपर्यंत जागायचं. तेव्हा आपल्याकडे मध्यरात्रीचा साडेबारा-एक असेल. हळदीच्या रात्री आपण एवढं जागतोच. दुपारी चारला "फक्त पाच मिनिटं" म्हणून जो आडवा होईल तो रात्री अकराला ताजातवाना उठेल आणि सगळ्यांना उठवेल. आमच्याकडे हे काम जिजाजींनी केलं.

एक गंमत सांगते. मेच्या अखेरीला तिथे सूर्य मावळतो नऊच्या सुमारास. साडेआठला खिडकीतून लख्ख ऊन. आमच्या सासूबाई पडदा सरकवून सरकवून बघत होत्या. शेवटी वैतागून म्हणाल्या, "रात कव्हय व्हई वं आठे?" उत्तर देण्याऐवजी पडदे ओढून घे. हॉटेलचे पडदे जाड असतात ते त्याचसाठी.

आता धुळ्यातून निघतानाची तयारी. औषधं, पासपोर्ट, हॉटेलचा पत्ता छापलेला कागद आणि प्रत्येकाचा एकेक कपड्यांचा जोड हातातल्या बॅगेत. मोठी बॅग मागे राहिली तर निदान अंघोळ करून बदलायला काही असेल. आमची एक बॅग दोन दिवसांनी आली, आणि त्यात नेमके माझेच कपडे होते. स्वेटरही हातातच ठेव. धुळ्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंश सोसून तुम्ही निघणार आणि तिथे सकाळी दारातून बाहेर पडलात की बारा-तेरा अंशांचा वारा. लोणचं, ठेचा, तेलातली चटणी मात्र मोठ्या बॅगेत. हातातल्या बॅगेत 100 मिलीच्या वरची पातळ वस्तू तपासणीत काढून ठेवतात.

सासूबाई तुपाची बरणी बांधणारच. त्यांना आधीच समजावून सांग की दूध, तूप, खवा, पेढे, पनीर आणि मांस यातलं काही भारतातून ब्रिटनमध्ये नेऊ देत नाहीत. दुधात मळलेल्या दशम्या हव्या तेवढ्या घे, पण मुंबईच्या विमानतळावरच संपव. काळा मसाला खुशाल ने. फक्त गल्लीत कुणी दुबईमार्गे जाणारं असेल आणि तुझं ऐकून मसाला बांधत असेल तर सांग, आपल्या मसाल्यात खसखस असते आणि खसखशीला दुबईत, सिंगापूरलाही बंदी आहे. तुमचं विमान थेट आहे म्हणून बरं.

सासूबाईंना साखर आहे. गोळ्यांच्या वेळा साडेचार तासांनी सरकणार, तेव्हा त्या कशा घ्यायच्या हे डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घे, आणि औषधांची चिठ्ठीही जवळ ठेव. विमानात त्यांना दर दोन तासांनी एक चक्कर मारायला लाव, नाहीतर पाय सुजतात. तिकिटासोबतच व्हीलचेअरची मागणी नोंदवून ठेव, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. "मला काय धाड भरलीय?" असं त्या म्हणतील. म्हणू दे. हीथ्रोच्या आत चालायचं अंतर एवढं आहे की तुला स्वतःलाच खुर्ची मागावीशी वाटेल. शिवाय खुर्चीबरोबरच्या माणसाला वाट ठाऊक असते, आणि सगळं कुटुंब त्याच्या मागे सुखाने जातं.

विमानतळाहून शहरात यायला भुयारी रेल्वेची पिकाडिली लाइन आहे, आणि 2022 पासून एलिझाबेथ लाइनही आहे. ती महाग पण जलद. तिकीट काढायच्या भानगडीत पडू नका. जे बँकेचं कार्ड नुसतं टेकवून पैसे कापले जातात, तेच दारावर टेकवायचं आणि उतरताना पुन्हा टेकवायचं. मात्र एका कार्डावर एकच माणूस. तुला, पाहुण्यांना आणि सासूबाईंना तीन वेगळी कार्डं लागतील. परदेशातला वापर चालू करून घ्यायला धुळ्यातच बँकेत जा. अकरा वर्षांखालची पोरं मोठ्यांबरोबर फुकट जातात, म्हणजे तुझी दोन्ही सुटली. बसमध्ये रोख पैसे घेतच नाहीत, 2014 पासून. पण बसचं एक भाडं भरलं की तासाभरात कितीही बस बदलता येतात. सरकत्या जिन्यावर उजव्या बाजूला उभं राहायचं, डावी बाजू घाईवाल्यांची. आम्ही पाचही जण आडवे उभे होतो.

हॉटेलात गेलात की खोली नसली तरी बॅगा ठेवून घेतात. तोंड धुवा, चहा घ्या आणि बाहेर पडा. कुठे? मी एकच जागा सांगते, आणि ती तुमच्या धुळ्याचीच आहे.

हसू नकोस. तुमची गाडी धुळ्यातून निघाली की थोड्याच वेळात लळिंग येतं. किल्ल्याच्या बाजूचा लांडोर बंगला तुला ठाऊक आहे. 31 जुलैला तिथे केवढी गर्दी लोटते ते तू दरवर्षी बघतेस. 1937 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका खटल्यासाठी धुळ्याला आले तेव्हा त्या बंगल्यात उतरले होते. ते ज्या शहरात बॅरिस्टर झाले, तिथेच तुम्ही दुसऱ्या दिवशी पोचणार. 1921-22 मध्ये ते लंडनला 10, किंग हेन्रीज रोडवरच्या घरात राहत होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये कायदा, असा दुहेरी अभ्यास चालला होता. ते घर 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं आणि तिथे स्मारक केलं. चॉक फार्म स्टेशनला उतरून चालत पाच-दहा मिनिटं. शांत गल्ली, झाडं, एका ओळीत विटांची उंच घरं. निघायच्या आधी उघडण्याची वेळ तेवढी बघून घे.

पहिल्या दिवसासाठी मी हीच जागा निवडते, त्याला कारणं आहेत. वेळ ठरलेलं तिकीट नाही, त्यामुळे उशीर झाला तरी कुणी कुणावर चिडत नाही. चालणं बेताचं. आणि त्या घराजवळच प्रिमरोज हिल नावाची टेकडी आहे. नावाला टेकडी, आपल्या लळिंगपुढे उंचवटाच म्हण. पण वर गवतावर बसलं की सेंट पॉलचा घुमट, तो मोठा पाळणा, उंच इमारती, सगळं लंडन समोर पसरलेलं दिसतं. पोरांना बोटाने दाखव, "ते उद्या, ते परवा." बघून झाल्यासारखंही वाटतं, पायही दुखत नाहीत, आणि डोळ्यांना हवा तो उजेड आपोआप मिळतो. दिरांच्या पोरांनी तिथे दोन तास नुसत्या घसरगुंड्या केल्या. जाऊबाई गवतावर पाय पसरून बसल्या. परत येताना थोरला म्हणाला, "एवढ्या लांब येऊन बाबासाहेब अभ्यास करत होते, आणि आपण खेळतोय." त्याच्या आईला पुढे वर्षभर पुरेल असं वाक्य मिळालं.

जेवणाचं. तुम्ही स्वयंपाकघर असलेली जागा घेतली आहे हे फार चांगलं केलं. पहिल्या रात्री बाहेर जेवायला जाऊ नका. तूरडाळ, तांदूळ, मसाला, हळद, मीठ एकत्र करून एका वेळेपुरती पुडी घरूनच बांधून ने. संध्याकाळची खिचडी हे आपल्या खानदेशी पोटाचं घड्याळच आहे. ती पोटात गेली की शरीराला कळतं, आता झोपायचं. वर तेल, बाजूला बिबडे. पण फोडणी जपून घाल. त्या घरांत छताला धूर ओळखणारं यंत्र असतं. माझी मिरची तडतडली आणि ते असं केकाटलं की शेजारचा माणूस धावत दाराशी आला. पंखा लाव, खिडकी उघड, मग तेल तापव. पाणी नळाचं प्यायला चालतं, बाटल्या विकत घेऊ नकोस.

रात्री साडेआठला झोपलेली पोरं पहाटे साडेतीन-चारला उठणार. त्यांच्या हिशेबाने तेव्हा सकाळचे आठ वाजलेले असतात. त्यांना रागावू नकोस, आणि उशाशी खायला काही ठेव. शेंगदाण्याचे लाडू, कुरमुरे, आणि केळी. केळी तिथल्या कुठल्याही दुकानात मिळतात. आमची धाकटी दुकानात ओरडली होती, "मम्मी, आपल्या जळगावची!" आपली नाहीत, पण भावकीतली नक्की आहेत. रावेर-यावलकडे जी ग्रँड नैन लावतात ती कॅव्हेंडिश गटातली, आणि ते नाव इंग्लंडमधल्या एका ड्यूकच्या घराण्याचं. 1830 च्या दशकात त्याच्या काचघरात ही केळी वाढवली होती. पहाटे चारला अंधारात पोरांना ही गोष्ट सांग, केळं सोलून दे, आणि पावणेपाचला उजाडलं की फिरायला ने. रिकामं लंडन बघायचा मान त्या वेळी उठणाऱ्यालाच मिळतो.

एक बारीक पण महत्त्वाचं. संडासात पाण्याची सोय नसते, कागद असतो. बॅगेत प्लॅस्टिकचा मग टाक. सासूबाई तुला जन्मभर दुवा देतील.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते सांगते.

मी पुलावर तोंड सोडलं ते थकल्यामुळे नाही सोडलं. चोवीस तास मी पाण्याची बाटली, पासपोर्ट, सासूबाईंची गोळी, पोरांची शू, सगळं डोक्यात घेऊन चालले होते. विमानात तिघं झोपले, मी त्यांची पांघरुणं नीट करत जागी राहिले. आणि उतरल्यावर प्रत्येकाने मलाच विचारलं, आता काय, कुठे जायचं, खायला काय आहे? परदेशात गेलं म्हणून बाई सुटीवर जात नाही गं. घरातली सगळी घडी ती बॅगेत घालून नेते आणि तिथे पुन्हा मांडते. चिडचिडही तिच्यावरच निघते, कारण जवळचं माणूस तेच असतं. आणि आपण हे आधी बोलत नाही. बोलतो ते तिथे जाऊन, सगळे अर्धमेले असताना. मग ते बोलणं राहत नाही, भांडण होतं.

म्हणून या रविवारी जेवणं झाली की पाहुण्यांना आणि सासूबाईंना समोर बसव आणि वाटण्या कर. पासपोर्ट आणि कार्डं पाहुण्यांकडे. आपल्या गोळ्या आणि त्यांचा कागद सासूबाईंच्या पिशवीत, त्या काही लहान नाहीत. पोरांच्या पाठीवर त्यांची त्यांची बॅग, स्वेटर त्यांचा त्यांनी सांभाळायचा. विमानात आधी तू चार तास झोपणार, मग ते. पहिल्या रात्रीची खिचडी पाहुणे टाकणार, कुकरच्या शिट्या त्यांनाही मोजता येतात. आणि पहिल्या दिवसाचं एकही वेळ ठरलेलं तिकीट काढायचं नाही.

पाहुणे म्हणतील, एवढा पैसा घालून एक दिवस टेकडीवर बसायचं? तर म्हण, सात दिवसांतला एक दिवस बसलो तर सहा दिवस मिळतील. पळालो तर तीन जातील. आमचे गेले. विश्वास नसेल तर जिजाजींना फोन लावायला सांग, ते आता सगळ्यांना हेच सांगत फिरतात, जणू त्यांचाच शोध. सासूबाई रुसतील, तुपावरून नक्कीच. रुसू दे. धुळ्यात रुसल्या तर दोन दिवसांत निवळतात, समोर जाऊबाई आहेत, शेजार आहे, देवळातली भजनं आहेत. तिथे रुसल्या तर बसायला दुसरी खोलीही नसते.

जे काही व्हायचं ते इथेच होऊ दे, माय. रविवारी बोल, आणि सोमवारी मला फोन करून सांग कोण काय म्हणालं ते. आणि टेकडीवर बसलात की पाचही जणांचा एक फोटो पाठव. तो मी भिंतीवर लावणार आहे.